नव्या देशात राहायला जाताना: व्हिसा आणि निवास परवान्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फी, उत्पन्नाच्या अटी आणि अर्जाचे नमुने सतत बदलत असतात. खाली दिलेले आकडे नियम कसा चालतो हे कळावं म्हणून आहेत. अर्ज भरायला बसाल त्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर जो आकडा असेल तोच खरा. पात्रता असूनही जे अर्ज अडतात, ते बहुतेक दोन कारणांनी अडतात: तारखा चुकतात किंवा कागद एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून या पानावर त्या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

व्हिसा मिळाला म्हणजे राहायचा हक्क मिळाला ना?

नाही. व्हिसा असला की सीमेवर जाऊन प्रवेश मागता येतो, एवढंच. आत किती दिवस राहायचं आणि काय करायचं, हे बहुतेक देशांत वेगळ्या नोंदीवर ठरतं.

अमेरिकेत ती नोंद म्हणजे आय-९४. पासपोर्टातला व्हिसा संपला, पण आय-९४ वरची तारीख अजून पुढे आहे, तर राहणं कायदेशीर आहे. उलट व्हिसा दहा वर्षांचा आणि आय-९४ सहा महिन्यांचा असेल, तर सहा महिन्यांत निघावं लागतं. आणखी एक खाचखळगा: पासपोर्टाची मुदत लवकर संपत असेल, तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ सुद्धा त्याच तारखेपर्यंत देऊ शकतो. नंतर पासपोर्ट नवा केला तरी ती तारीख आपोआप पुढे सरकत नाही. म्हणून उतरल्यावर दोन-तीन दिवसांत आय-९४ ऑनलाइन काढून वाचा.

युरोपातल्या शेंगेन देशांत (आपसांतल्या सीमांवर तपासणी न करणाऱ्या देशांचा गट) तीन महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर ‘डी’ प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा घेऊन जायचं आणि तिथे गेल्यावर निवास परवान्याचा अर्ज करायचा. जपानमध्ये क्रम असा: तिथल्या संस्थेने किंवा नातेवाइकाने पात्रता प्रमाणपत्र काढायचं, ते दाखवून तुम्ही व्हिसा घ्यायचा आणि मोठ्या विमानतळांवर उतरताच निवास कार्ड हाती पडतं. पात्रता प्रमाणपत्र साधारण तीन महिनेच चालतं, त्यामुळे ते हातात येण्याआधी घर आणि नोकरी सोडायची तयारी झालेली असावी. ब्रिटनमध्ये आता कार्डही नाही. जुनी बायोमेट्रिक कार्डं २०२४ च्या अखेरीस बाद झाली आणि परवान्याची नोंद ऑनलाइन ई-व्हिसात असते. पासपोर्ट बदलला की त्या खात्यातही बदलायचा, नाहीतर विमान कंपनीच्या खिडकीवरच गाडी अडते.

आधी पर्यटक म्हणून जाऊन तिथूनच निवास परवाना काढला तर?

सहसा चालत नाही. काही देश ठरावीक राष्ट्रीयत्वांना सवलत देतात. उदाहरणार्थ अमेरिका, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया वगैरेंचे नागरिक व्हिसाशिवाय जर्मनीत जाऊन तिथे परवाना मागू शकतात. बाकीच्यांना डी व्हिसा लागतो आणि तो घ्यायला माघारी पाठवलं जातं. मनात कायम राहायचं असताना अर्जात ‘फिरायला’ असं लिहिणं ही चुकीची माहिती ठरते, आणि तिचे परिणाम पुढच्या प्रत्येक अर्जावर होतात.

शेंगेनमधले ९० दिवस कसे मोजायचे?

‘सहा महिन्यांत तीन महिने’ असं समजून लोक कॅलेंडरचे महिने मोजतात. नियम तसा नाही. ज्या दिवशी तुम्ही तिथे आहात तो दिवस धरून मागचे १८० दिवस पाहायचे आणि त्यात तुमचे ९० पेक्षा जास्त दिवस भरता कामा नयेत. ही मोजणी रोज नव्याने होते. प्रवेशाचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस पूर्ण धरले जातात.

समजा लीप नसलेल्या वर्षी १ जानेवारीला गेलात आणि ३१ मार्चला निघालात. ३१, २८ आणि ३१ मिळून बरोबर ९० दिवस झाले. पुन्हा कधी जाता येईल? २९ जूनला मागे पाहिलं तर १ जानेवारी अजून १८० दिवसांच्या आत आहे, म्हणजे तो दिवस धरून ९१ होतात. ३० जूनला १ जानेवारी बाहेर पडतो आणि प्रवेश नियमात बसतो. मध्ये लंडनला किंवा डब्लिनला चार दिवस काढले म्हणजे मोजणी शून्यावर येते, हा समज चुकीचा आहे. ते चार दिवस फक्त धरले जात नाहीत.

ज्या देशाचा डी व्हिसा किंवा निवास परवाना आहे, तिथले दिवस या ९० मध्ये येत नाहीत. पण त्याच परवान्यावर दुसऱ्या शेंगेन देशात फिरलात तर ते दिवस येतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश आणि निर्गमनाची नोंद टप्प्याटप्प्याने संगणकावर जाऊ लागली आहे, तेव्हा शिक्का पुसट आहे या भरवशावर राहू नये.

कागद कोणत्या क्रमाने जमवायचे?

ज्याची मुदत लांब ते आधी, ज्याची आखूड ते शेवटी. उत्साहाच्या भरात पोलीस दाखला आणि बँकेचं पत्र आधी काढलं जातं आणि अर्ज भरायच्या वेळी तेच शिळे झालेले असतात.

पासपोर्ट सगळ्यात आधी पाहा. शेंगेन व्हिसासाठी तो निघण्याच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन कोरी पानं असलेला लागतो. कितीतरी देश सहा महिने मागतात. निवास परवाना बहुधा पासपोर्टाच्या मुदतीपलीकडे देत नाहीत, म्हणून दीड वर्ष उरलेला पासपोर्ट घेऊन तीन वर्षांच्या परवान्याला जाऊ नये. नवा करून मगच अर्जाला हात घाला, कारण मध्येच क्रमांक बदलला की सगळीकडे दुरुस्ती मागावी लागते.

पुढचा क्रम कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीवरून, म्हणजे कुशल कामगारांना निमंत्रण देऊन कायम निवास देण्याच्या पद्धतीवरून, छान कळतो. शैक्षणिक मूल्यांकन (तुमची पदवी कॅनडातल्या कोणत्या पदवीच्या तोडीची आहे याचा अहवाल) पाच वर्षं चालतं, भाषा परीक्षेचा निकाल दोन वर्षं, वैद्यकीय तपासणी बारा महिने. निमंत्रण आल्यावर पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. मूल्यांकनाला विद्यापीठाकडून बंद पाकिटात गुणपत्रिका जायला कित्येकदा महिने लागतात, म्हणून ते निमंत्रणाच्या खूप आधी सुरू करावं. जुन्या मालकांची अनुभवपत्रंही आधीच मागून ठेवा. त्यात पद, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार आणि तारखा हव्यात. ‘अमुक यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केलं’ असलं दोन ओळींचं पत्र कामाचं नाही.

अपोस्टील म्हणजे काय आणि भाषांतर आधी की नंतर?

एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशाने खरा मानावा म्हणून लावलेला प्रमाणपत्राचा शिक्का. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारात दोन्ही देश असतील तर हा एक शिक्का पुरतो. चीन ७ नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून या करारात आहे, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांमध्ये या दोन देशांसाठी लिहिलेली दूतावासाची पायपीट आता बहुतेक देशांच्या कागदांना लागू नाही. करारात नसलेल्या देशासाठी, उदाहरणार्थ संयुक्त अरब अमिराती, तुमच्या देशाचं परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांचा दूतावास, मग तिथे पोचल्यावर त्यांचं मंत्रालय अशी साखळी पूर्ण करावी लागते. करारात दोघेही असून एकाने दुसऱ्याबाबत हरकत घेतलेली असेल तरी अपोस्टील चालत नाही. भारत आणि जर्मनी हे त्याचं उदाहरण.

भाषांतर नंतर. अपोस्टील मूळ कागदावर घ्यायचं आणि मग शिक्क्यासकट सगळ्याचं भाषांतर करायचं. भाषांतरकार कोण असावा हे जायच्या देशाला विचारा. जर्मनी, स्पेन यांना शपथबद्ध भाषांतरकार लागतो. जन्माचा किंवा विवाहाचा दाखला लॅमिनेट केलेला असेल तर नवी प्रत काढा, कारण त्यावर शिक्का बसत नाही. जुन्या दाखल्यात बाळाचं नावच नसेल, फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असेल, तर नाव घालून घ्यायला वेळ लागतो. तो कागद आजच कपाटातून काढून वाचा.

नावात थोडा फरक असला तर चालतं का?

अधिकाऱ्याला तो थोडा वाटत नाही. पदवीवर एक स्पेलिंग, पासपोर्टावर दुसरं, विवाहाच्या दाखल्यावर माहेरचं नाव: तीन कागद, तीन माणसं. पासपोर्टातलं नाव प्रमाण धरा आणि ज्या कागदावर ते वेगळं आहे तिथे दुरुस्ती होत असेल तर करा. होत नसेल तर ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र आणि नावबदलाचा पुरावा जोडा.

पासपोर्टावर एकच नाव असेल आणि आडनावाची जागा रिकामी असेल, तर अमेरिकेच्या व्हिसावर ते नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (‘फर्स्ट नेम अननोन’, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) ही अक्षरं येतात. मग बँक, वाहन परवाना आणि पगाराच्या नोंदी तशाच होत जातात. जाण्याआधी पासपोर्टात आडनाव घालून घेणं सोपं; नंतर निस्तरत बसावं लागतं. तारखांचंही तसंच: काही अर्ज महिना आधी आणि दिवस नंतर मागतात. ४ नोव्हेंबरचा ११ एप्रिल असाच होतो.

पोलीस दाखला फक्त स्वतःच्या देशाचा पुरे का?

पूर्वी दुसरीकडे राहिलेल्यांना नाही. कॅनडाला गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त राहिलेल्या प्रत्येक देशाचा दाखला लागतो. ऑस्ट्रेलिया गेल्या दहा वर्षांतले एकूण बारा महिने मोजतो. अमेरिकेत राहिला असाल तर तो दाखला एफबीआयकडून बोटांचे ठसे देऊन मिळतो. कोणताही देश सोडतानाच हा दाखला काढायची पद्धत आणि जुने पत्ते लिहून ठेवले तर पुढे डोकेदुखी वाचते.

खात्यात पैसे दाखवायचे म्हणजे नेमके किती दिवस?

प्रश्न फक्त रकमेचा नाही. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी लागणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधी ३१ दिवसांपेक्षा जुना नको. मध्ये एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी पुन्हा एकपासून मोजायचं. कॅनडा सहा महिन्यांची सरासरी शिल्लक मागतो. जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या (‘ब्लॉक्ड’) खात्यात ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात.

अर्जाच्या आठवडाभर आधी नातेवाइकाकडून मोठी रक्कम आणून टाकणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. रक्कम आली कुठून हे विवरणपत्रात दिसतंच. भेट असेल तर भेटपत्र, देणाऱ्याच्या खात्याचं विवरण आणि नात्याचा पुरावा द्या. जमीन विकली असेल तर विक्रीखत. स्पष्टीकरण नसलेली रक्कम कितीही मोठी असली तरी तिचं वजन पडत नाही. शेअर, सोनं, भविष्य निर्वाह निधी हे बहुतेक वेळा रोख धरत नाहीत.

पूर्वी एकदा व्हिसा नाकारला होता. लिहायचं का?

लिहायचंच. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, कारण अनेक देश एकमेकांत बोटांचे ठसे आणि नकारांची माहिती वाटून घेतात. जुना नकार हा क्वचितच अर्ज बुडवतो. लपवलेला नकार मात्र हमखास बुडवतो. चुकीच्या माहितीबद्दल कॅनडा पाच वर्षं अर्ज बंद करतो, ब्रिटन दहा वर्षांपर्यंत, ऑस्ट्रेलिया खोट्या कागदासाठी तीन आणि ओळख लपवल्यास दहा वर्षं. अमेरिकेत ही अपात्रता कायमची आहे आणि ती विशेष माफीनेच उठते. अर्ज एजंटने भरला होता हा बचाव टिकत नाही. सही तुमची, जबाबदारी तुमची. म्हणून भरलेल्या अर्जाची प्रत मागा आणि ओळ न ओळ वाचा.

नूतनीकरणाचा अर्ज अजून पडून आहे आणि परवाना संपला. आता?

मुदत संपण्याआधी अर्ज केला असेल तर बहुतेक देश निर्णय होईपर्यंत जुन्या अटींवर राहू देतात. ब्रिटनमध्ये १९७१ च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ३सी खाली, कॅनडात ‘मेंटेन्ड स्टेटस’ म्हणून, ऑस्ट्रेलियात ब्रिजिंग व्हिसा ‘ए’ या तात्पुरत्या व्हिसावर, जर्मनीत फिक्शन प्रमाणपत्र नावाच्या तात्पुरत्या दाखल्यावर. मुदत एका दिवसाने हुकली तर ही छत्री मिळत नाही. अमेरिकेत बेकायदा वास्तव्य १८० दिवसांहून जास्त झालं आणि मग बाहेर पडलात तर तीन वर्षं प्रवेश बंद. एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षं.

खरी गंमत पुढे आहे. हे संरक्षण देशात असेपर्यंतचं असतं, आणि लग्नाकार्याला म्हणून लोक मध्येच बाहेर पडतात. ब्रिजिंग ‘ए’ वर ऑस्ट्रेलिया सोडलं की तो व्हिसा संपतो. जाण्याआधी ब्रिजिंग ‘बी’ घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये मुदतवाढीचा अर्ज पडून असताना बाहेर गेलात तर अर्ज मागे घेतला असं धरतात. अमेरिकेत ग्रीन कार्डचा आय-४८५ अर्ज प्रलंबित असताना ‘अ‍ॅडव्हान्स पॅरोल’ (परत येण्याची आगाऊ परवानगी) न घेता गेलात तर तो अर्ज सोडून दिला असं मानतात; एच-१बी आणि एल-१ या कामाच्या व्हिसांच्या धारकांना यातून सवलत आहे. जर्मनीच्या प्रमाणपत्रावर कोणत्या परिच्छेदाला खूण आहे ते पाहा: निवास कायद्याच्या कलम ८१ चा परिच्छेद ४ असेल तर परत येता येतं, ३ असेल तर येत नाही. विमानाचं तिकीट काढण्याआधी हे तपासायचं.

मुलं आणि जोडीदार यांचे अर्ज बरोबर करावेत का?

शक्य असेल तर हो, निदान नावं तरी सांगावीत. कॅनडाच्या कायम निवासाच्या अर्जात बरोबर न येणारी मुलं आणि जोडीदारही जाहीर करावे लागतात. जो जाहीर झाला नाही, त्याला पुढे कौटुंबिक प्रायोजकत्वावर बोलावणं बहुधा बंद होतं.

मुलाचं वय वेगवेगळ्या ठिकाणी वेगळं कापलं जातं: ब्रिटनमध्ये १८, अमेरिकेत २१, कॅनडात २२. मोठं मूल त्या रेषेजवळ असेल तर संपूर्ण कुटुंबाचं वेळापत्रक त्याच्या वाढदिवसावरून आखा. मूल एकाच पालकाबरोबर जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र, किंवा ताबा एकाकडे असल्याचा न्यायालयाचा आदेश जवळ हवा.

पोचल्यावर पहिलं काम काय?

पत्त्याची नोंद. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत, जपानमध्ये चौदा दिवसांत. स्पेनमध्ये परदेशी नागरिकाच्या ओळखपत्राचा अर्ज प्रवेशापासून एका महिन्यात. अमेरिकेत पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवायचं.

जर्मनीत घोडं पेंड खातं ते घरमालकाच्या लेखी पुष्टीपत्रापाशी. भाडेकरार पुरत नाही, आणि अल्प मुदतीची घरं देणारे बरेच जण हे पत्र देत नाहीत. नोंद नाही तर कर क्रमांक नाही, बँक खातं रखडतं आणि परवान्याची भेटही. घर पक्कं करण्याआधी हा एक प्रश्न विचारून घ्या.

नोकरीवर आधारित परवाना आहे आणि नोकरी गेली तर?

नवी नोकरी शोधायला किंवा निघायला ठरावीक दिवस मिळतात. अमेरिकेत एच-१बी वाल्यांना ६० दिवसांपर्यंत, किंवा आय-९४ त्याआधी संपत असेल तर तोपर्यंत. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून एका वेळी १८० दिवस. ब्रिटनमध्ये परवान्याची मुदत कमी केल्याचं पत्र आल्यावर साधारण ६० दिवस. अमेरिकेत मोजणी कामाच्या शेवटच्या दिवसानंतर सुरू होते, पुढे मिळणाऱ्या भरपाईच्या पगारावरून नाही.

कायम निवास मिळाला की निर्धास्त ना?

बाहेर किती राहता यावर अवलंबून आहे. कॅनडात पाच वर्षांत ७३० दिवस प्रत्यक्ष राहावं लागतं. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असून वर्षाहून जास्त बाहेर राहायचं असेल तर निघण्याआधी पुनर्प्रवेश परवाना घ्यावा लागतो. ब्रिटनचा अनिश्चित मुदतीचा परवाना सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलात की जातो. ऑस्ट्रेलियात राहण्याचा हक्क कायम, पण ये-जा करण्याची सोय पाच वर्षांचीच. नंतर परतीचा व्हिसा. जर्मनीचे साधे परवाने सहा महिन्यांच्या गैरहजेरीने रद्द होतात, ब्लू कार्डला (उच्चशिक्षित कामगारांचा परवाना) बारा महिने सवलत आहे.

कायम निवास मिळण्याआधीच्या वर्षांतही बाहेरचे दिवस मोजले जातात. ब्रिटनमध्ये नोकरीच्या मार्गाने जाणाऱ्यांना कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवसांची मर्यादा आहे. एक साधी वही किंवा तक्ता ठेवा: निघालो, परतलो, का गेलो. पाच वर्षांनी बोर्डिंग पास शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

नकार आला. अपील की नवा अर्ज?

आधी पत्रातलं कारण वाचा. कागद कमी पडला असेल तर नवा अर्ज सहसा लवकर होतो. अधिकाऱ्याने दिलेला पुरावा पाहिलाच नाही असं स्पष्ट दिसत असेल तर पुनर्विलोकन. ब्रिटनमध्ये देशाबाहेरून केलेल्या अर्जाला त्यासाठी २८ दिवस मिळतात. अमेरिकेच्या २१४(बी) नकाराला, म्हणजे तुम्ही परत जाल याची खात्री न पटल्याने आलेल्या नकाराला, अपील नाही. परिस्थिती बदलल्याशिवाय महिन्याभरात तोच अर्ज पुन्हा करणं म्हणजे फी वाया घालवणं. जर्मनीच्या दूतावासांकडे फेरविचाराचा अर्ज करायची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली, आता नवा अर्ज किंवा बर्लिनचं प्रशासकीय न्यायालय. ऑस्ट्रेलियात देशात असताना नकार मिळाला तर तिथूनच दुसरा अर्ज करण्यावर बरीच बंधनं येतात, म्हणून तिथे पहिला अर्जच नीट तपासून द्यावा.

सल्लागार लागतोच का?

सरळ विद्यार्थी किंवा नोकरीच्या अर्जाला नाही. जुना नकार, गुन्ह्याची नोंद, मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचा इतिहास किंवा मुलाच्या ताब्याचा वाद असेल तर लागतो. तेव्हा ‘व्हिसा हमखास’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात सल्लागारांची सरकारमान्य नोंदवही ऑनलाइन पाहता येते. नोंदणी क्रमांक मागा आणि स्वतः तपासा. मूळ कागद आणि अर्जाच्या खात्याचा पासवर्ड त्याच्याकडे ठेवू नका. खात्याला ईमेल तुमचाच असावा, कारण अधिकाऱ्याने मागितलेल्या जादा कागदाची मुदत त्या ईमेलवरच येते.